वाळूंत उमटलेली युद्धस्मृति

गेल्या पावसाळ्यांत आम्ही मुंबई-गोवें रस्त्यावरील पाली या गांवीं एका स्नेह्यांकडे दोन दिवस राहिलों होतों. पावसाची झड लागलेली. बाहेर पाऊल टाकण्याची सोय नव्हती. अशा एका सायंकाळीं घरच्या मुलानें पडद्यावर एक चित्रफीत लावली. क्सेनिया सिमोनोवा या चोवीस वर्षांच्या युक्रेनी तरुणीनें २००९ सालीं आपल्या देशांतील दूरचित्रवाणीच्या एका स्पर्धेंत केलेला वाळूचित्रांचा तो प्रयोग होता. त्या स्पर्धेंत तिला पहिलें बक्षीस मिळालें. सारा खेळ आठ-नऊ मिनिटांचा. पण तो संपला तेव्हां माजघरांत कोणीच बोलेना.

या कलेचें साहित्य अगदीं थोडें. खालून उजेड सोडलेली कांच, तीवर मूठभर बारीक वाळू, आणि वरून तें सारें टिपून पडद्यावर दाखविणारा कॅमेरा. वाळू पडेल तेथें अंधार, बोटानें सारली कीं प्रकाश. हंगेरींतील फेरेंत्स त्साको यांच्यासारख्या कलावंतांनीं हे प्रयोग प्रेक्षकांसमोर करून दाखविले. सिमोनोवा यांनीं आपल्या खेळासाठीं विषय निवडला तो १९४१ ते १९४५ या काळांतील युद्धाचा.

चांदण्या रात्रीं बांकावर बसलेलें एक जोडपें. इतक्यांत विमानें येतात आणि तें सुख एका फटकाऱ्यानें पुसलें जातें. रडणारी स्त्री दिसते; मूल होतें, ती हंसते; पुन्हां युद्ध येतें. त्या तरुण मुखावर बोटांच्या चार रेषा पडतात, आणि पाहतां पाहतां तीच स्त्री वृद्ध विधवा होते. तिचेंच पुढें अनामिक सैनिकाचें स्मारक बनतें. शेवटीं एक खिडकी उरते. आंत आई आणि मूल, बाहेर कांचेला तळहात टेकून उभा असलेला पुरुष.

हें पाहतांना मन इतकें कां हलतें, याचा आम्हीं विचार केला. चित्रपटांतील विध्वंस आधीं कोठें तरी घडून गेलेला असतो. येथें तो आपल्या डोळ्यांदेखत घडतो, आणि ज्या हातानें घर उभें केलें तोच हात तें मोडतो. शिवाय मोडलेल्या घराच्याच वाळूंतून पुढचें चित्र निघतें. नवी वाळू कोठून आणावयाची नसते. युद्धांतून वांचलेल्या माणसांचें आयुष्यहि असेंच जुन्या आयुष्याच्या चुऱ्यांतून उभें राहत असावें.

घरच्या आजी नव्वदीच्या घरांतल्या. त्या म्हणाल्या, "आमच्या वडिलांनीं अक्षरें धूळपाटीवरच गिरविलीं हो. पाटी हलवली कीं अक्षर गेलें; पण हाताला आलेलें वळण गेलें नाहीं." मग थोडें थांबून त्यांनीं माहेरची एक हकीकत सांगितली. खाडीकांठचा एक खलाशी दुसऱ्या महायुद्धांत मुंबईहून बोटीवर गेला. बोटीचा ठाव लागला नाहीं. ना प्रेत, ना चिता. त्याच्या बायकोनें बारा वर्षें कुंकू पुसलें नाहीं. त्यानंतर पळसाच्या पानांचा पुतळा करून क्रिया झाली. "त्या कांचेबाहेरच्या माणसाला पाहून मला तीच आठवली," असें म्हणून आजींनीं डोळ्यांना पदर लावला.

आम्ही मनांत ओशाळलों. मुंबईस गोदीजवळ इंडियन सेलर्स होममध्यें युद्धांत समुद्रावर गेलेल्यांचीं स्मारकें आहेत. पहिल्या महायुद्धांतील दोन हजारांहून अधिक खलाशांचें स्मरण तेथें केलेलें आहे. दुसऱ्या महायुद्धांतील नोंदींत व्यापारी जहाजांवरील सुमारें सहा हजार नांवें आहेत. हीच दुसरी यादी चितगांवींहि ठेवलेली आहे. ज्यांना समुद्राखेरीज थडगें नाहीं, अशीं हीं माणसें. रत्नागिरीच्या किनाऱ्यानें पिढ्यान्‌पिढ्या बोटींना खलाशी पुरविले. तरी त्या यादींत आपल्या शेजारचें कोणी आहे काय, हें आम्हीं कधीं विचारलें नव्हतें. परक्या देशाच्या विधवेसाठीं आम्ही आठ मिनिटें रडलों, आणि खाडीकांठच्या बाईचें नांवहि आम्हांस ठाऊक नव्हतें.

अश्रु खोटे होते असें नव्हे. पण अश्रु वाळूसारखेच. हात फिरला कीं गेले. ज्या भूमीनें तें चित्र पाहून डोळे पुसले, तिच्यावर २०२२ सालीं पुन्हां मोठें युद्ध आलेंच. स्मृति युद्ध थांबवीलच असें नाहीं. निदान गेलेल्या माणसाची केवळ संख्या होऊं नये, एवढें तरी ती करूं शकते.

दुसरे दिवशीं निघण्यापूर्वीं आम्हीं आजींजवळ वही घेऊन बसलों. त्या खलाशाचें नांव त्यांना आठवलें. त्याच्या बायकोचें आठवावयास मात्र बराच वेळ लागला. दोन्हीं नांवें आम्हीं शाईनें लिहून ठेवलीं आहेत. वाचकांनींहि आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांपाशीं एकदां असेंच बसावें. धूळपाटी कोण केव्हां हलवील, हें सांगतां येत नाहीं.