चुंबकीय कुलूप : धरणे आणि सोडणे

व्यापारी घराण्यात कुलपाला नेहमीच मान राहिला आहे. संध्याकाळी पेढी वाढवली की किल्ल्यांचा जुडगा घरी येतो, ठरलेल्या खुंटीवर टांगला जातो आणि मगच घराचे ताट मांडले जाते. ‘जालना सोने का पालना’ म्हणवणाऱ्या या गावात सोने राखण्याची शिस्तही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आज जालना एमआयडीसीतील सळ्यांच्या रोलिंग मिल आणि बियाण्यांचे प्रक्रिया कारखाने यांच्या कार्यालयांना किल्लीऐवजी चुंबकाचे कुलूप दिसू लागले आहे. यंत्रावर बोट टेकवावे, ‘टक्’ असा आवाज व्हावा आणि दार सुटावे. खरेदीच्या वेळी कुलूप किती किलो ताकदीचे, एवढे विचारले जाते. बसवण्याचे काम मात्र ज्याला सवड असेल त्या वायरमनवर सोपवले जाते. या कुलपाची निम्मी ताकद बसवणुकीत असते, हे तेव्हा ध्यानात येत नाही.

या वस्तूचा जन्म कशासाठी झाला, हे जाणून घेतले तर पुढच्या अनेक गोष्टी सोप्या होतात. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात ‘फोरम’ नावाचे मोठे क्रीडागृह होते. त्याची दारे कुलूपबंद ठेवण्यास अग्निशमन अधिकाऱ्यांचा आक्षेप होता. तेव्हा १९६९ मध्ये सम्नर सॅफिरस्टीन यांनी, दारे उघडी धरून ठेवण्यासाठी वापरली जाणारी विद्युतचुंबके ओळीने जोडून दार बंद धरणारे कुलूप तयार केले. वीज तोडताच ते सुटते, हा त्याचा गुण होता आणि त्या गुणासाठीच ते पत्करले गेले. आपल्याकडे काही मालक याच गुणाला दोष समजतात आणि ‘वीज गेली तरी दार उघडता कामा नये’ अशी मागणी करतात.

रचना साधी आहे. चौकटीवर चुंबक आणि पल्ल्यावर लोखंडाची आर्मेचर प्लेट. आतील केबिनला साधारण २८० किलो धारणशक्तीचे कुलूप पुरते. रस्त्याकडील दाराला ५४० किलोच्या आसपासचे घ्यावे. मात्र हे आकडे दोन्ही पृष्ठभाग संपूर्ण टेकलेले असतील तेव्हाचेच. मध्ये कागदाएवढी फट राहिली तरी पकड झपाट्याने ढिली होते. चुंबक दाराला दुरून ओढून घेत नाही. दार त्याच्यापर्यंत आणून टेकवण्याचे काम डोअर क्लोजरचे. म्हणून प्रथम बिजागऱ्या पाहाव्यात, लोंबलेला पल्ला सरळ करावा, क्लोजर जुळवावा आणि त्यानंतरच ड्रिल हाती घ्यावे.

सर्वाधिक चूक होते ती प्लेट बसवताना. ती मधल्या एकाच बोल्टवर, रबरी वॉशर घालून, किंचित डुलती ठेवायची असते. बाजूच्या दोन खुंट्या तिला फिरू देत नाहीत. नवशिका कारागीर ती डुलताना पाहून कच्चे काम समजतो आणि बोल्ट करकचून आवळतो. प्लेट ताठ झाली की चुंबकाशी कोन जुळवून घेण्याची तिची क्षमता जाते आणि ५४० किलोचे कुलूप हिसड्यासरशी सुटते. तेव्हा दोष कुलपाच्या कंपनीला दिला जातो! दार बाहेर उघडणारे असेल तर चुंबक आतील बाजूने चौकटीच्या वरच्या पट्टीखाली थेट बसतो. आत उघडणाऱ्या दाराला झेड-एल ब्रॅकेट आणि बिनचौकटीच्या काचेला यू ब्रॅकेट लागतो. कोणत्याही प्रकारात चुंबक, तारा आणि स्क्रू आतल्या बाजूलाच असावेत.

जालन्याच्या मिलमध्ये आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. तापलेल्या लोखंडावरून सुटणारे बारीक पापुद्रे आणि लोखंडी धूळ हवेत असते, आणि चुंबक ती आपल्याकडे खेचतोच. महिन्याभरात पृष्ठभागावर खरखरीत थर जमतो. तीच ती कागदाएवढी फट. आठवड्यातून एकदा वीज बंद करून कोरड्या फडक्याने दोन्ही पृष्ठभाग पुसावेत. कानस किंवा सँडपेपर चालवू नये, रंग तर मुळीच लावू नये.

तारेची काटकसरही अशीच नडते. बारा व्होल्टच्या मोठ्या कुलपाला सुमारे अर्धा अँपिअर प्रवाह लागतो. पॉवर सप्लाय तीस मीटर लांब ठेवून अर्ध्या चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ओढली, तर जाण्यायेण्याच्या साठ मीटरमध्ये सुमारे एक व्होल्ट वाटेतच खर्च होतो. एक चौरस मिलिमीटरची तार घेतली की ही घट निम्मी होते. कुलपात अंगचा डायोड नसेल, तर तो कुलपाजवळ जोडावा आणि पट्टीची बाजू धन तारेकडे ठेवावी. प्रवाह तुटताना वेटोळ्यातून उसळणारा दाब रिलेचे संपर्क हळूहळू जाळत असतो.

इथवर झालेल्या चुकांनी फार तर चोराचे फावते. यापुढील चूक आत असलेल्या माणसाच्या जिवावर बेतते.

भारनियमनासाठी या कुलपाच्या पॉवर सप्लायमध्ये बॅटरी असते. सात अँपिअर-तासाची बॅटरी एक कुलूप कित्येक तास धरून ठेवते. सोय चांगली आहे. पण त्यामुळे ‘मेन स्विच पाडला की दार उघडते’ हा सर्वांचा समज खोटा ठरतो. अनेक ठिकाणी आगीच्या घंटेचा रिले पॉवर सप्लायकडे येणाऱ्या २३० व्होल्टच्या तारेवर जोडलेला आढळतो. घंटा वाजते, रिले आपले काम करतो, मेन वीज तुटते आणि बॅटरी इमानाने दार बंदच ठेवते. योग्य जोडणीत हा रिले आणि दाराजवळचे हिरवे आपत्कालीन बटन, दोन्ही बॅटरीच्या पुढे, थेट कुलपाकडे जाणाऱ्या तारेत असतात. बोटांचे ठसे ओळखणाऱ्या यंत्राच्या मर्जीवर हे बटन अवलंबून ठेवू नये. यंत्र बिघडले तरी बटनाने तार तुटलीच पाहिजे. राष्ट्रीय बांधकाम संहितेतही बाहेर पडण्याचे दार आतील बाजूने किल्लीविना उघडता आले पाहिजे, अशी तरतूद आहे.

बंद दाराची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. ९ मे २०१९ रोजी पुण्याजवळील उरुळी देवाची येथे साड्यांच्या दुकानाला पहाटे आग लागली. आत झोपलेले पाच कामगार दगावले. दुकानाला बाहेरून कुलूप होते. शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, वाळूज एमआयडीसीतील हातमोज्यांच्या कारखान्यात ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार मरण पावले. या दुर्घटनांत चुंबकीय कुलपाचा संबंध नव्हता. प्रश्न मात्र तोच होता : आत माणूस आहे आणि बाहेर पडण्याची वाट त्याच्या हाती नाही.

बाहेरून कुलूप घालणारा मालक निर्दयी असतो असे नाही. बहुधा तो मालाच्या काळजीने ग्रासलेला असतो आणि आत झोपणारा मुलगा त्याच्या विश्वासातलाच असतो. म्हणूनच रात्रीचा प्रश्न स्पष्टपणे सोडवायला हवा. आत कोणीही नसेल, तर केवळ चुंबकावर विसंबू नये. बॅटरी उतरली की ते सुटणारच, तेव्हा शटरला नेहमीचे कुलूप घालावे. आत एकही माणूस झोपत असेल, मग तो राखणदार का असेना, तर बाहेरून कुलूप घालू नये आणि त्याला आतून उघडता येईल असे दुसरे दारही मोकळे ठेवावे. तिजोरीची खोली वेगळी बंद करावी. माल आणि माणूस एकाच कुलपाखाली ठेवले की दोघांपैकी एकाची आबाळ होते, आणि ती मालाची कधीच होत नाही.

महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार परवानाधारक संस्थेकडून अग्निसुरक्षेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावे लागते. ते कागद फायलीत असतातच. दाराची परीक्षा मात्र दर महिन्याला आपली आपण घ्यावी. पाळी बदलताना, बॅटरी जोडलेली ठेवून, आधी मेन वीज पाडावी : दार धरलेले राहील. मग आगीची घंटा वाजवावी : दार सुटले पाहिजे. घंटा बंद करून दार पुन्हा लावावे आणि हिरवे बटन दाबून पाहावे. दार सुटूनही प्लेट चिकटून राहत असेल, तर उरलेल्या चुंबकत्वाचा दोष आहे. ती बदलून घ्यावी. बटनाशेजारची पाटी मराठीबरोबर हिंदीतही असावी, कारण मिलमधील अनेक हात उत्तर प्रदेश-बिहारचे आहेत. बटन दाबण्यासाठी जुन्या मुनीमजींना बोलावू नये, त्यांना ते ठाऊकच असते. त्या आठवड्यात कामावर लागलेल्या नव्या मुलाला दारापाशी उभे करावे आणि काहीही न सांगता त्याला बाहेर पडायला सांगावे.