रोमने दिलेली मान्यता आणि किनवटचा न मिळालेला रकाना

रोमचा सम्राट डायोक्लेशियन याने इ.स. ३०३ मध्ये ख्रिस्ती प्रार्थनास्थळे पाडायचे आणि धर्मग्रंथ जाळायचे हुकूम काढले. ३११ मध्ये मरणाच्या दारात असलेल्या गॅलेरियसने हा छळ थांबवला. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस यांनी मिलानमध्ये ठरवले, की ज्याने त्याने आपापला धर्म पाळावा आणि ख्रिस्तींच्या जप्त जागा मोबदला न घेता परत कराव्यात. कॉन्स्टंटाइनला दृष्टान्त झाला की नाही, यावर अभ्यासक वाद घालोत. मला जागा परत करण्याचे कलम मोठे वाटते. सरकारी दप्तरात नोंद झाली की मान्यता हाताला लागते.

गोंड, कोलाम, परधान वस्तीच्या किनवटला हा प्रश्न परका नाही. १९५६ पर्यंत हा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्याच जिल्ह्यातल्या केसलापूरला नागोबाची जत्रा भरते, पूजेचा मान मेश्राम कुळाचा. १९४० मध्ये कोमरम भीम मारले गेले, तेव्हा निजाम सरकारला जाग आली. त्याने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना गोंडांमध्ये पाठवले आणि पुढे जत्रेतच अधिकाऱ्यांचा दरबार भरू लागला. सरकार नागोबाच्या दारी आले, गाऱ्हाणी ऐकू लागले. पण त्या श्रद्धेला दप्तरात जागा?

जनगणनेतून पुढे आदिवासी धर्माची वेगळी वर्गवारीच गेली. २०११ च्या अर्जात सहा धर्मांना क्रमांक होते, बाकीच्यांनी नाव लिहायचे. तरीही देशात दहा लाखांवर लोकांनी गोंड धर्म आणि ४९ लाखांवर लोकांनी सरना लिहिला. झारखंड विधानसभेने नोव्हेंबर २०२० मध्ये सरनासाठी स्वतंत्र रकान्याचा ठराव केला. केंद्राने तो अजून दिलेला नाही.

रकाना द्यायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला हिंदू लिहायचे त्याने खुशाल लिहावे, तोही त्याचा हक्क. रोममध्ये घडले उलटेच: ३८० मध्ये थिओडोसियसने ख्रिस्ती पंथालाच राजमान्य ठरवले आणि पुढे जुन्या देवांच्या पूजेवर बंदी आली. काल मान्यता मागणाऱ्यांनी आज दुसऱ्याचे दार लावले.

फेब्रुवारी २०२७ साठी जाहीर झालेल्या जनगणनेत प्रगणक दारी येईल. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नसतो, त्यामुळे दाखला जाईल ही भीती नको. धर्माच्या प्रश्नाला आपले उत्तर आपणच सांगा आणि काय नोंदवले ते वाचून दाखवायला लावा.