भुलतो तो दुसराच

मोबाईलवर ज्यांस ‘इन्फ्लुएन्सर’ म्हणतात, त्यांचा विषय निघाला कीं पालक म्हणतात, “मुलें भुलतात.” मुलांस विचारावें, तर तीं धाकट्या भावंडांकडे बोट दाखवितात. “मी भुललों,” असें म्हणणारा आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे! डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानें १९८३ सालीं या समजुतीस ‘तृतीयपुरुषी परिणाम’ असें नांव दिलें: प्रचारानें फसतात ते ‘ते’, मी नव्हे, तूंही नव्हेस.

विकणारास ही समजूत फार सोयीची आहे. स्वतःस अभेद्य मानणारा सावध कशास राहील? हा मनुष्य रोज आपल्या स्वयंपाकघरांतून घरोब्यानें बोलतो. महिन्याभरांत तो शेजारी वाटूं लागतो, आणि शेजाऱ्याच्या शिफारशीस जाहिरात कोण म्हणेल? मोबदला घेतला असल्यास तसें स्पष्ट लिहावें, असा भारतीय जाहिरात मानक परिषदेचा नियम २०२१ पासून आहे. परंतु ती सूचनाही दुसऱ्यासाठींच आहे, असें वाचणारास बहुधा वाटतें.

पालकांस आमची विनंती इतकीच: मुलाच्या हातांतील मोबाईल काढून घेण्यापूर्वीं, न्हाणीघरांतील तें नवें केसांचें तेल आपण कोणाच्या सांगण्यावरून आणलें, हें त्याच्यासमक्ष आठवून पाहावें.