खोड अजून जिवंत आहे

पावसाळा आला की वृक्षारोपणाचे कार्यक्रम सुरू होतात. १९५० साली तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सवाचा पायंडा पाडला, तो आजही चालू आहे. २०१९ च्या पावसाळ्यात महाराष्ट्राने तर ३३ कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले होते. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु शृंगारपूरहून प्रचितगडाकडे चढणारा गिर्यारोहक वाटेत जरा थांबला, तर त्याच्या ध्यानी एक निराळीच गोष्ट येईल. या डोंगरात रान लावावे लागत नाही. ते उगवायला टपलेलेच असते.

रत्नागिरी जिल्ह्याच्या पूर्व अंगाला, खेडपासून संगमेश्वर-राजापूरपर्यंत, ज्या उतारांवर पूर्वी नाचणी-वरी होत असे, ती वरकस जमीन माणसे मुंबईला गेल्यावर ओस पडली. तेथे प्रथम गवत आले, मग रानमोडी आणि करवंदीच्या जाळ्या. या काटेरी जाळ्यांना अडगळ समजण्याची चूक सारेच करतात. वास्तविक गुरांच्या तोंडापासून ऐन-किंजळाचे कोवळे रोप वाचते ते याच जाळीच्या आडोशाला. तोडलेल्या झाडाचे खोडही मरत नाही. पहिल्या पावसात त्याला चहूबाजूंनी फुटवे येतात. मुळे खोल असल्याने या फुटव्यांची वाढ रोपवाटिकेतील रोपापेक्षा कितीतरी जोमाची असते. बेहडा, जांभूळ यांचे बी पक्षी आणि वानरे आणून टाकतात.

ते बी येते कोठून? बहुधा देवराईतून, जिला कोकणात देवरहाटी म्हणतात. ग्रामदेवतेच्या नावाने राखलेल्या या रानांचे महत्त्व माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकातच जगापुढे मांडले. देवीच्या धाकाने जे टिकले, ते आज सभोवतालच्या उजाड डोंगराचे बियाण्याचे कोठार ठरले आहे. मात्र येथे एक कटू गोष्ट सांगितलीच पाहिजे. जीर्णोद्धाराच्या नावाखाली मंदिराभोवतीची जुनी झाडे पाडून सिमेंटचा सभामंडप आणि फरशीचे अंगण करण्याची हौस गावोगावी बळावली आहे. ज्या श्रद्धेने रान राखले, तिच्याच नावाने ते तोडले जावे, हे दुर्दैव. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठीदेखील रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये अशी ताकीद आहे, झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, हे त्या राज्यकर्त्यांना पक्के ठाऊक होते.

उगवणारे रान मोठे का होत नाही, याची कारणे दोन: वणवा आणि कुऱ्हाड. माघ-फाल्गुनात कोणी गवतासाठी, कोणी शिकारीसाठी, कोणी निव्वळ बेफिकिरीने काडी लावतो आणि तीन-चार वर्षांची रोपे एका रात्रीत जळतात. कुऱ्हाडीची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. या जिल्ह्यात सरकारी वन अत्यल्प. जंगल बहुतांश खासगी मालकीचे. मालक लाकूडतोड्या ठेकेदाराला सरसकट रान विकतो. फुटवे मनगटाएवढे झाले की पुन्हा विकतो. त्याला लोभी म्हणणे सोपे आहे. घरात आजारपण असते, मुलीचे लग्न असते, आणि उभ्या जंगलाचे त्याला एक रुपयाही मिळत नाही. नाही म्हणायला, पुण्याच्या ‘अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेने संगमेश्वर तालुक्यात मालकांशी करार करून, मोबदला देऊन रान राखण्याचा मार्ग चोखाळला आहे. एका संस्थेच्या आवाक्यातले हे काम नव्हे. गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ चा. त्यानंतर पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा २०२४ च्या जुलैत सहाव्यांदा निघाला. बंधनांची चर्चा उदंड झाली. मालकाला काय मिळणार, हा प्रश्न मागेच राहिला.

२०२१ च्या जुलैत चिपळूण बुडाले. त्या महापुराची कारणे अनेक. सारा दोष वृक्षतोडीवर टाकणे घाईचे ठरेल. पण त्यानंतर वाशिष्ठीतून जो गाळ उपसावा लागला, त्यातील बराचसा कधीकाळी डोंगराची माती होता. गाळ उपसायला पैसा उभा राहतो, तर माती धरून ठेवणाऱ्या रानाच्या मालकाला वर्षासन द्यायला का राहू नये?

अर्थात सरकारची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. कोकणातील एका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावे असतात आणि त्यातील निम्मी परळ, डोंबिवली, विरारला राहतात. ठेकेदाराला सह्या लागतात त्या या सर्वांच्या. शिमग्याला पालखीच्या निमित्ताने ही मंडळी गावी एकत्र येतात. वणव्याचे दिवसही तेच. देवळात बैठक बसवून जाळरेषा कोणी काढायची, कोणते रान दहा वर्षे राखायचे आणि त्याबदल्यात गावी राहणाऱ्या भावाच्या अडीनडीला शहरातल्यांनी काय द्यायचे, हे त्याच चार दिवसांत ठरू शकते. ठेकेदाराचा माणूसही त्याच आठवड्यात गावात येऊन बसलेला असतो.