मग ते साठ किलो गेले कुठे?

राळेगणसिद्धीच्या एसटी थांब्यावर चहा घेताना एका ओळखीच्या शेतकऱ्याने विचारले, "सर, सगळे सुटले. मग त्या साठ किलोचं काय झालं?" मालेगाव खटल्याचा निकाल ३१ जुलै २०२५ ला लागला, त्यानंतरची ही गोष्ट. मला उत्तर देता आले नाही.

साठ किलोचा आकडा नोव्हेंबर २००८ चा. २९ सप्टेंबरला भिक्कू चौकात स्फोट होऊन सहा माणसे गेली होती. ले. कर्नल पुरोहित यांनी काश्मीरमधून साठ किलो आरडीएक्स आणले, त्यातले काही समझौता एक्स्प्रेसमध्ये वापरल्याचा संशय आहे, असे नाशिकच्या कोर्टात सांगितले गेले. पुढे त्यावर सारवासारव झाली. आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला, सारवासारव कुणाच्याच नाही. आणि आता विशेष न्यायालय म्हणते, पुरोहितांनी आरडीएक्स आणल्याचा पुरावाच नाही. सातही आरोपी निर्दोष.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. बातम्यांतली क्रियापदे पाहतो: 'आणल्याचे समजते', 'गायब झाल्याचे कळते'. कुणाला समजते? उर्दू अखबारातले 'बताया जाता है' त्याच जातीचे. सातवीतल्या पोराने असे वाक्य लिहिले तर मी लाल शाईने विचारतो, कोणी?

आपल्या लोकांनाही सांगतो, रागावलात तरी चालेल. २००६ च्या मालेगाव स्फोटात पकडलेले आपले तरुण २०१६ मध्ये दोषमुक्त झाले, तेव्हा 'सूत्रांच्या' बातम्यांना आपण शिव्या घातल्या. मग साठ किलोची बातमी आपण कोणत्या तोंडाने चौकाचौकात वाटली? आरोपीचे नाव बदलले की पुरावा लागत नाही का?

पण यामुळे मूळ प्रश्न मिटत नाही. आमच्या नगर जिल्ह्यात के. के. रेंजवर लष्कराचा सराव चालतो. न फुटलेला गोळा भंगारात आला की काय होते, हे इथल्या गावांनी मयती उचलून पाहिले आहे. लष्करी स्फोटकांचा हिशेब मागणे म्हणजे देशद्रोह नव्हे.

लष्करात ड्रायव्हर राहिलेल्या अण्णा हजारेंच्या याच गावातून माहितीच्या अधिकाराची चळवळ उभी राहिली. कोठारांची जागा सांगू नका, साठ्याचा आकडा सांगू नका. फक्त एवढे सांगा: त्या काळात लष्कराच्या नोंदीतून आरडीएक्स कमी झाले होते की नाही? झाले नसेल, तर साठ किलोचा आकडा कोर्टात कोणी आणला, त्याचे नाव सांगा.

कर्त्यासह. कर्तरी प्रयोगात.