वाद हवा, वितंडा नको

१७२४ साली आमच्या साखरखेर्ड्याच्या शिवारात निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला. मुबारिजखान लढाईत पडला, आणि जेत्याने गावाचे नाव ठेवले फत्तेखेर्डा. आज तीनशे वर्षांनी गाव कोणत्या नावाने ओळखले जाते? फत्ते गेली, साखर राहिली! पण पारावर बसा, ग्रामसभेत जा, नाहीतर मोबाईलवरच्या एखाद्या गटात डोकावा. जो तो पुन्हा फत्तेच्याच मागे!

‘हल्ली माणसे फार वाद घालतात,’ असे म्हणून सज्जन मंडळी आपल्याला मौनाचा उपदेश करतात. मला तो मुळीच मान्य नाही. वाद उरलाच नाही, हे खरे दुखणे आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी चालतो तो वाद. नाना क्लृप्त्या लढवून केवळ जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. आणि स्वतःचे मत न मांडता समोरच्याचे तेवढे खोडून काढावयाचे, ती वितंडा. आपण पहिल्याचे नाव भांडणाला देऊन टाकले आणि तिसरीलाच चर्चा म्हणू लागलो! नळाला पाणी का नाही, असे एखाद्या बाईने ग्रामसभेत विचारावे, आणि ‘आधी घरपट्टी भरली का?’ असे तिला दरडावावे. हे उत्तर नव्हे. हे तोंड बंद करणे झाले.

कोणी दोष टोपणनावांना देतात. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये पत्रे लिहिली, ती ‘लोकहितवादी’ या नावानेच. भाषा झोंबणारी होती. पण त्यांना काही सांगावयाचे होते. उलट, आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढणाऱ्यांपाशी सांगण्यासारखे काय होते?

उपाय आपल्या शास्त्रकारांनीच घालून दिला आहे : आधी पूर्वपक्ष, मग उत्तर. समोरच्याचे म्हणणे आपल्या तोंडाने असे मांडावे, की तो म्हणेल, ‘होय, मी हेच म्हणालो.’ तोवर खंडनाचा अधिकार नाही. वर्गातल्या मुलांना हे जमते. मग मोठ्यांना का जमू नये?

वाचकहो, या दिवाळीत फराळाला भाऊ-भावजया, लेकी-जावई जमतील, आणि राजकारण निघेलच. तेव्हा एवढे करून पाहा. निम्मी भांडणे पूर्वपक्षातच विझतील. उरलेली मात्र खुशाल कडाडून भांडा. ती भांडण्यासारखीच असतील.