डोक्यातला वाटाड्या

मांजर पोत्यात घालून नदीपार सोडून येण्याचा उद्योग ज्याने कधी केला नाही किंवा निदान पाहिला नाही, असा जुन्या वाड्यात वाढलेला वाचक सापडणे कठीण. आमच्या वाड्यातले बोकोबा असे तीन वेळा मुठेपलीकडे जाऊन आले. तिसऱ्या खेपेस तर सोडायला गेलेले गृहस्थ वाटेत चहाला थांबले, आणि ते परततात तो स्वारी ओट्यावर मिशा साफ करीत बसलेली! बैलांचेही तेच. बाजाराहून परतताना गाडीवान खुशाल घोरत पडतो आणि पहाटे गाडी त्याच्याच दारात उभी असते. आपण म्हणतो, 'मुके जनावर, पण जाण बघा केवढी!' आणि विषय संपवतो. ही जाण असते तरी कुठे, हा प्रश्न मलाही कधी पडला नव्हता. गेल्या वर्षी तो पडला. का पडला ते पुढे सांगतो. आधी मुंगीची गोष्ट ऐका.

ट्युनिशियात महारेस नावाच्या गावाजवळ खारट, सपाट माळरान आहे. झाड नाही, झुडूप नाही. तिथली वाळवंटी मुंगी भर उन्हात मेलेला किडा शोधायला निघते. इकडे वळ, तिकडे वळ, अशी शेकडो फूट भटकते. पण भक्ष्य तोंडात आले, की आल्या वाटेने परत जात नाही. थेट वारुळाच्या दिशेने सरळ रेघ मारल्यासारखी धावत सुटते. झुरिकच्या रूडिगर वेनर यांनी या मुंगीच्या मागे आयुष्यातली कित्येक वर्षे घालवली. भक्ष्य सापडताच तिला अलगद उचलून बाजूला नेऊन ठेवले, तर ती तितकेच अंतर, त्याच दिशेला धावते, आणि जिथे वारूळ असायला हवे होते तिथे पोचून गोंधळून घिरट्या घालते. म्हणजे हिशेब चोख. आपल्याला कोणी उचलले एवढेच तिच्या वहीत नाही!

दिशा तिला सूर्यावरून कळते. सूर्य आड गेला, तरी निळ्या आभाळातल्या प्रकाशाची जी ठेवण आपल्याला दिसत नाही ती तिच्या डोळ्यांना दिसते. पण अंतर? वेनर आणि त्यांचे सहकारी विटलिंगर व वोल्फ यांनी २००६ साली त्याचा छडा लावला. दहा मीटर चालून खाद्यापाशी आलेल्या काही मुंग्यांच्या पायांना त्यांनी डुकराचे राठ केस चिकटवून उंच केले, आणि काहींचे पाय कापून आखूड केले. (हे वाचताना माझ्या मनात चुकचुकले, हे कबूल करतो.) लांब पायांच्या मुंग्या घरावरून पुढे निघून गेल्या आणि पंधरा मीटरांच्या सुमारास वारूळ शोधू लागल्या. आखूड पायांच्या सहा मीटरांच्या आतच थांबल्या. पावले तेवढीच, ढांग मात्र बदललेली! मुंगी पावले मोजते, दुसरे काय?

आता उंदीर. पूर्वी पंडितांचे मत असे, की उंदीर चक्रव्यूहातून वाट काढतो तो केवळ घोकंपट्टीने. इथे उजवीकडे, तिथे डावीकडे, जसे पोर पाढे म्हणते तसे. कॅलिफोर्नियातले टोलमन हे काही केल्या मानीनात. त्यांनी उंदरांना वळणावळणाच्या वाटेने खाद्यापर्यंत जायला शिकवले. मग ती वाट बंद केली आणि चहूकडे अठरा नव्या वाटा मोकळ्या ठेवल्या. शिकलेल्या वाटेच्या शेजारची वाट उंदीर धरतील, असा घोकंपट्टीवाल्यांचा अंदाज. पण सगळ्यांत जास्त उंदरांनी जी निवडली ती खाद्य होते त्या दिशेला नेणारी वाट. तिकडे दिवा होता, त्याला पाहून ते गेले असतील, अशी शंका पुढे काढली गेली, आणि ती अगदीच पोकळ नव्हती. तरी १९४८ साली टोलमननी ठासून लिहिले, की उंदराच्या डोक्यात मुलखाचा नकाशा असतो. पुष्कळांना ती कविकल्पना वाटली.

तो नकाशा प्रत्यक्ष मेंदूत दाखवायला १९७१ साल उजाडले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात जॉन ओकीफ यांनी डोस्ट्रोव्हस्की या सहकाऱ्यासह उंदराच्या मेंदूतल्या 'हिपोकॅम्पस' या भागात केसासारख्या बारीक तारा बसवल्या. या भागाचा आकार समुद्रघोड्यासारखा, म्हणून ग्रीकांच्या भाषेतले त्या प्राण्याचे नाव त्याला मिळालेले. उंदीर मोकळा हिंडत होता. एक पेशी तो एका विशिष्ट जागी आला की विजेचे ठोके देई, एरवी गप्प. दुसरी पेशी दुसऱ्या जागी. अशा अनेक पेशी मिळून उंदीर या क्षणी कुठे आहे ते सांगतात. जणू गल्लीगल्लीवर एकेक राखणदार बसवलेला, आणि आपल्या हद्दीत पाऊल पडले की तो खाकरतो!

त्याच भागाच्या उंबरठ्यावर आणखी नवल होते. नॉर्वेतील ट्रॉन्हाइम येथे मे-ब्रिट आणि एड्वर्ड मोझर या दांपत्याच्या प्रयोगशाळेत २००५ साली दिसले, की तिथली एकेक पेशी एका जागी नव्हे, अनेक जागी ठोके देते. आणि त्या जागा कागदावर मांडल्या तर एकाआड एक सरकवलेल्या ठिपक्यांची रांगोळी दिसते. प्रत्येक ठिपक्याभोवती समान अंतरावर सहा ठिपके! जमिनीवर कोणी काही रेखले नव्हते. ठिपके उंदराच्या डोक्यातले. ओकीफ आणि मोझर दांपत्याला २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. टोलमन मात्र ते पाहायला नव्हते. आणि १९९४ साली आणखी एक गोष्ट उजेडात आली होती: दिवसा फिरताना ज्या पेशी जोडीने बोलल्या, त्या रात्री झोपेतही जोडीने बोलतात. उंदीर झोपतो, पण त्याची उजळणी चालूच असते.

आता गेल्या वर्षीची हकीकत. माझे थोरले काका, तात्या, यांनी तीस वर्षे पुण्याच्या पेठांतून टपाल वाटले. आज बुधवार की शनिवार हे ते विसरत, पण बुधवार पेठेतून शनिवार पेठेत जाणारा एकही बोळ विसरत नसत. वाडा पडला आणि आम्ही कोथरूडला नव्या इमारतीत राहायला गेलो. तिथे एके संध्याकाळी तात्या दूध आणायला गेले ते रात्री नऊपर्यंत आले नाहीत. सापडले ते घरापासून दोनशे पावलांवर, एका बंद दुकानाच्या पायरीवर, हातात पिशवी घेऊन. 'वाट चुकली' असे म्हणाले नाहीत. 'घर कुठे नेलेत?' असे त्यांनी विचारले.

डॉक्टरांनी आल्झायमरचे नाव घेतले. या रोगात बिघाडाची सुरुवात बहुधा मेंदूच्या त्याच उंबरठ्यावर होते, जिथे मोझरांना रांगोळी दिसली. म्हणून नाव-गाव नीट सांगणारा माणूसही आधी वाट चुकतो. 'लक्ष कुठे असते तुमचे?' असे मी त्यांच्यावर दोनदा डाफरलो होतो. वाचकहो, तुमच्या घरी असे कोणी असेल तर तेवढे करू नका.

हिपोकॅम्पस निकामी झालेल्या एका अमेरिकन गृहस्थांची नोंद १९९९ साली छापली गेली आहे. आजारानंतर ज्या वस्तीत ते राहायला आले तिथली एकही वाट त्यांना सांगता येत नसे. पण पन्नास वर्षांपूर्वी सोडलेल्या बालपणीच्या गावातले रस्ते बिनचूक. म्हणजे जुने नकाशे पुढे दुसरीकडे कुठेतरी ठेवले जात असावेत. तात्यांचा आजार वेगळा, तो पसरत जाणारा. पण हे वाचून मी त्यांना रिक्षाने जुन्या पेठेत घेऊन गेलो.

उतरताच त्यांनी माझा हात सोडला. दोन बोळ, एक पिंपळाचा पार, मग उजवीकडे. मी मागे, ते पुढे. एका दाराजवळ आल्यावर ते थबकले, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला गेले आणि मला दबक्या आवाजात म्हणाले, "इकडून ये. तिथले कुत्रे चावरे आहे." ते कुत्रे जाऊन चाळीस वर्षे तरी झाली असतील. मी मुकाट्याने पलीकडे झालो.